दाराबाहेरच्या सुमनताई

सुमनताई राणे सकाळचा चहा पितापिता संध्याकाळच्या चहाला दूध पुरेल का, हे बघायला उठायच्या. परत येईपर्यंत कपातल्या चहावर साय धरलेली असायची. मग तो तसाच, उभ्याने, एका दमात संपवायचा आणि कप विसळून टाकायचा. मुलुंडला आमच्या इमारतीत मी लग्न होऊन आले तेव्हा शेजारीण म्हणून त्यांची जी पहिली ओळख झाली ती हीच. मी त्यांच्याकडे बसले होते, त्या मात्र बसल्या नव्हत्या.

आमची दारं समोरासमोर होती. तिसरा मजला, मधे दोन हाताची जागा आणि जिना. सुमनताई तेव्हा चाळिशीच्या अलीकडे असतील. उंच, सडसडीत, जाड भिंगांचा चष्मा, आणि चालणं असं की जणू मागून कोणीतरी येतंय. आग्रा रोडवरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. फोनवर त्यांचा आवाज फार गोड लागायचा असं म्हणत. घरी तो इतका भरभर असायचा की समोरच्याचं वाक्य त्याच्या आधी त्याच पुरं करायच्या. तुम्ही साखर मागायला गेलात तर दार उघडतानाच विचारायच्या, "साखर की रॉकेल?"

आम्ही दोघी कधीमधी स्टेशनजवळच्या थिएटरात सिनेमाला जायचो. शेवटची दहा मिनिटं राहिली की त्या मला कोपराने ढोसायच्या. सिनेमा सुटल्यावर रिक्षा मिळत नाहीत, म्हणून आधी निघायचं. त्या काळात मी किती सिनेमे शेवटाशिवाय बघितले कोण जाणे. लग्नाला गेल्या तर अक्षता पडायच्या आधी पंगतीचा अंदाज घ्यायच्या. "पुढचं बघून ठेवलेलं बरं असतं गं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

हे कुठून आलं ते त्यांनीच एकदा सांगितलं होतं. वडील परळच्या गिरणीत होते. एका दुपारी पाळी चालू असताना साच्यावर, म्हणजे मागावरच, कोसळले ते उठलेच नाहीत. सकाळी डबा घेऊन हसत गेलेला माणूस. घरात कोणाला कसलीच कल्पना नव्हती. सुमनताई तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होत्या. कॉलेज सुटलं, टेलिफोनचा कोर्स केला, धाकट्या भावाला शिकवलं, लालबागची खोली सोडून आईला घेऊन मुलुंडला आल्या. भाऊ बडोद्याला नोकरीला लागला. दिवाळीत यायचा आणि जाताना दरवेळी म्हणायचा, ताई, तू आहेस म्हणून मला काळजी नाही. वडील गेले तेव्हापासून सुमनताईंनी एक गोष्ट ठरवली होती. आपल्याला न कळवता काही घडता कामा नये.

आणि नेमकं त्यांच्या घरात जे घडायला लागलं ते इतकं हळू आलं की त्यांनाही कळलं नाही.

माई म्हणजे सुमनताईंच्या आई, मालवणकडच्या. बुटक्या, गोलसर, बोलक्या. लालबागच्या चाळीत उघड्या दारांत आयुष्य गेलेलं, त्यामुळे मुलुंडच्या बंद दारांची त्यांना कधी सवय झाली नाही. सुरुवातीला आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं. मग मीठ पडेनासंच झालं. मग एकदा भाजी आणायला गेलेल्या माई दुपार टळली तरी आल्या नाहीत. शोधाशोध झाली तेव्हा त्या बसच्या शेवटच्या थांब्यावर बाकावर बसलेल्या सापडल्या, रिकामी पिशवी मांडीवर घडी करून. कंडक्टरला त्यांनी आपल्या गावाचं नाव सांगितलं होतं आणि ही बस तिकडे का जात नाही म्हणून त्याच्यावर रागावल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, वयानुसार होतं, औषध नाही, एकटं सोडू नका. त्या आजाराला आज नाव आहे. तेव्हा आमच्या इमारतीत त्याला म्हातारचळ म्हणायचे आणि विषय बदलायचे. सुमनताईंनी दिवसभरासाठी एक बाई ठेवली. ती आपली भांडी पळवते असं माईंच्या मनाने घेतलं आणि त्यांनी तिच्यावर लाटणं उगारलं. दुसरीही टिकली नाही. नोकरी सोडता येत नव्हती. शेवटी सुमनताईंनी दाराला बाहेरून कडी बसवून घेतली.

सकाळी गॅसचा रेग्युलेटर काढून माळ्यावर जायचा, सुरी-विळी माळ्यावर जायची, ताट झाकून ठेवलं जायचं आणि दाराला कुलूप लागायचं. एक किल्ली माझ्याकडे. मी घरीच असायचे, पोटुशी होते. दुपारी कुलूप काढून मी माईंना जेवायला घालायचे, थोडं बसायचे आणि पुन्हा कुलूप लावायचे. ते लावताना माई आतून दाराशी उभ्या आहेत हे मला कळायचं. त्यांच्या बांगड्यांचा आवाज यायचा.

उन्हं कलली की माई दार वाजवायला लागायच्या. "उघडा गो. माका घराक जावचा आसा. गोरवां येतली." गुरं गोठ्यात परतायची वेळ झाली, आपण घरी नाही, याने त्या अगदी कासावीस व्हायच्या. सुमनताई येईपर्यंत हे चालायचं. त्या जिना चढतानाच ऐकत यायच्या. दार उघडायच्या आधी क्षणभर थांबायच्या, पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यायच्या आणि मग कुलपाला हात घालायच्या.

आत गेल्या की पहिला प्रश्न, "आई, आज वार कोणता?" सकाळी निघतानाही तोच. मग "माझं नाव काय?", आपण कुठे राहतो, भावाचं गाव कोणतं. त्यांचं म्हणणं, विचारत राहिलं नाही तर उरलंसुरलंही जाईल. माई उत्तर शोधताना पदराचं टोक पिळायच्या. बरोबर आलं तर सुमनताईंचा चेहरा दिवसभर बरा असायचा. चुकलं तर त्या मोरीत जाऊन भांडी घासायच्या.

सगळ्यात वाईट प्रश्न माई विचारायच्या तो. "ह्ये खय गेले? अजून इले नाय." खय म्हणजे कुठे, आणि ह्ये म्हणजे त्यांचे यजमान. सुमनताई सांगायच्या, आई, बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली. माईंना ते दरवेळी पहिल्यांदाच कळायचं. त्या खाली बसायच्या, कपाळावर हात मारायच्या, मला कोणी सांगितलं कसं नाही म्हणून विचारायच्या. ते रडणं बंद दारातून आमच्याकडे यायचं. मग थोड्या वेळाने सगळं शांत, आणि पुन्हा तोच प्रश्न. एकाच माणसाचा मृत्यू त्या घरात एका संध्याकाळी दोनदा-तीनदा व्हायचा.

मी एकदा धीर करून म्हटलं, पाळीला गेलेत म्हणून सांगितलं तर काय बिघडेल? सुमनताई म्हणाल्या, "सगळेच खोटं बोलायला लागलो तर ती कशाला धरून उभी राहील?"

प्रधानांची गोष्ट याच काळातली. प्रधान त्यांच्या ऑफिसात हिशेब खात्यात होते. विधुर, मूलबाळ नाही, मृदू स्वभावाचे गृहस्थ. त्यांचं सुमनताईंकडे येणं वाढलं होतं आणि इमारतीत सगळ्यांना त्याचा अर्थ कळत होता. एका रविवारी ते आले तेव्हा मी तिथेच होते. माईंनी त्यांना दारात बघितलं, डोक्यावर पदर घेतला आणि विचारलं, "सुटली पाळी? आज उशीर झालो."

प्रधान गोंधळले, पण क्षणभरच. चपला काढत म्हणाले, "हो, आज जरा उशीर झाला."

माई लगबगीने पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी त्या घरात त्यांचा चेहरा इतका निवलेला कधी बघितला नव्हता. प्रधान पाणी प्यायले, उन्हाचं काहीतरी बोलले. आणि सुमनताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "प्रधान, ती माझी आई आहे. तिला फसवू नका." मग माईंकडे वळून, "आई, हे बाबा नाहीत. बाबा गेले." माई तांब्या हातात धरून उभ्याच राहिल्या आणि उभ्यानेच रडायला लागल्या. प्रधानांनी तो तांब्या त्यांच्या हातातून काढून घेतला आणि खाली ठेवला.

त्यानंतरही ते येत राहिले. त्यांनी लग्नाचं विचारलंही. सुमनताईंनी मला हे सांगितलं तेव्हा नेहमीसारखं सगळं पुढचं बघून ठेवलेलं होतं. आई आहे तोवर शक्य नाही. आई कधी जाईल याची वाट बघत लग्न ठरवायचं, तर ते पाप. आणि ती गेल्यावर आपण असू पन्नाशीच्या, प्रधान त्याहून मोठे. मग एकाने दुसऱ्याची अशीच दशा बघायची. "कोणी कोणाला कुलूप लावायचं ते आत्ताच ठरवावं लागेल," असं म्हणून त्या हसल्या. प्रधानांनी वर्षभर वाट बघितली आणि ठाण्याच्या एका शिक्षिकेशी लग्न केलं. आम्ही दोघी लग्नाला गेलो. सुमनताईंनी नवरीचं तोंडभर कौतुक केलं आणि माईंचं कारण सांगून जेवणाआधी निघाल्या.

त्या दिवसांत त्यांच्या ऑफिसात मनःशांतीवर एका गृहस्थांचं भाषण झालं. कालचा दिवस गेला, उद्याचा आलेला नाही, आहे तो क्षण जगा, असं ते सांगत होते. सुमनताईंनी मला ते भाषण नक्कल करून ऐकवलं. त्या पूर्ण वेळ घड्याळाकडे बघत होत्या. "क्षणात जगायचं म्हणे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे एक आहेत तशा, बाहेरून कडी लावावी लागते."

पण एकदा कपडे वाळत घालायला आम्ही दोघी गच्चीवर होतो. खाली माई झोपल्या होत्या. समोर डोंगर स्वच्छ दिसत होता. सुमनताई ओली चादर हातात धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "मला आईचं काही करायचा कंटाळा नाही गं. मला पुढे बघवत नाही. हे कधी संपेल असं मनात येतं, आणि संपेल म्हणजे काय होईल ते लगेच लक्षात येतं. मग मला तेही नको असतं. म्हणजे मी जाऊ कुठे?" मग त्यांनी चादर झटकली, दोरीवर टाकली, चिमटे लावले आणि खाली गेल्या.

मला सांगायची आहे ती गोष्ट एका शनिवारची. ऑफिस अर्धा दिवस होतं. माझी मुलगी तेव्हा रांगायला लागली होती. मी माईंना जेवायला घालून, कुलूप लावून माझ्या घरी आले होते. सुमनताई आल्या, त्यांनी कुलूप काढलं, दार ढकललं तर ते उघडेना. आतल्या बाजूला वर एक जुनी कडी होती. माईंनी ती आजवर कधी वापरली नव्हती, म्हणून कोणाच्या लक्षातच नव्हती. त्या दिवशी त्यांनी ती लावून घेतली होती.

सुमनताईंनी दार वाजवलं. आतून आवाज आला, "कोण गो?"

"मी सुमन. दार उघड."

"सुमन हापिसात गेली. ता इल्याशिवाय उघडूचा नाय, असा सांगितला हा."

सुमनताईंनी समजावलं, मग आवाज चढवला, मग दोन्ही हातांनी दार ठोकलं. आत माई घाबरल्या. म्हणाल्या, "जोरान वाजवू नको. माझ्या चेडवाक सांगीन." चेडू म्हणजे मुलगी, आणि 'ता' म्हणजे ती. मुलगीच दार ठोकत होती आणि तिच्याच नावाने त्या तिला धमकावत होत्या.

माझे यजमान सुताराला बोलवायला गेले. सुतार कामावर गेलेला, संध्याकाळपर्यंत येईल असा निरोप आला. खिडक्यांना, गॅलरीला सगळीकडे जाळ्या. तोवर थांबण्याशिवाय इलाज नव्हता. सुमनताई त्या दोन हाताच्या जागेत येरझारा घालत होत्या आणि बोलत होत्या. रेग्युलेटर काढलाय, पण मोरीत पाय घसरला तर. सुतार आलाच नाही तर. दार फोडलं तर उद्या रविवार, नवीन कडी कोण बसवणार, सोमवारी ऑफिसला कसं जायचं. मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. असा बराच वेळ गेला. शेवटी बोलायला काही उरलं नाही तेव्हा त्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसल्या. त्यांना नुसतं बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

थोड्या वेळाने आतून, दाराच्या अगदी जवळून, माईंचा आवाज आला. "गेलंस काय गो?"

"नाही. इथंच आहे."

"बस. दमलं असशीत." माईही आतून दाराला टेकून बसल्या असाव्यात, आवाज खालून येत होता. "कोणाचा चेडू तू? खय रवतंस?"

सुमनताईंनी माझ्याकडे बघितलं. त्या आता नाव सांगतील, वार विचारतील, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "समोरच राहते मी."

माईंना हे पटलं. मग त्या मोकळेपणाने बोलायला लागल्या, चाळीच्या दारात बसून बोलाव्यात तशा. आपल्याला एक मुलगी आहे, फार हुशार, फोनवर बोलते, सगळं घर तिने उभं केलं. सुमनताई म्हणाल्या, मग बरं आहे तुमचं.

"बरा आसा," माई म्हणाल्या. "पण ता हय असला तरी हय नसता. जेवता तेव्हा भांडी घासता, भांडी घासता तेव्हा निजता." मग म्हणाल्या, "माका सारखा विचारता, आज वार कोणतो. माका भय वाटता."

"कसलं भय?"

"मी चुकलंय काय ता रडता. मोरयेत जाऊन रडता. माका ऐकाक येता."

सुमनताईंनी हातातला पाण्याचा पेला जमिनीवर ठेवला. चष्मा काढला आणि डोळ्यांवर हात धरून बसल्या. मी मुलीला घेऊन आमच्या दारात उभी होते. मला आत जायला हवं होतं आणि मी जाऊ शकत नव्हते.

मग त्यांनी विचारलं, "आत्ता काय करताय, माई?" स्वतःच्या आईला त्यांनी माई म्हटलेलं मी तेव्हाच ऐकलं.

"आता? काय नाय. तुझ्याशी बोलतंय."

माईंना यात विशेष काही वाटलं नव्हतं. त्यांनी पुढे, दाराशी बसूनच, समोरच्या गॅलरीतून काय दिसतंय ते सांगायला सुरुवात केली. डोंगर दिसतोय, त्यावर घार फिरतेय, खाली उतरतेय, पुन्हा वर जातेय. सुमनताई विचारत होत्या, आता कुठे आहे? आणि माई सांगत होत्या. दाराच्या बाहेर जिन्याची चुना उडालेली भिंत होती, पण सुमनताई मान वर करून अशा बसल्या होत्या की जणू त्यांना ती घार दिसते आहे.

सुतार आला, पिशवीतून पटाशी काढायला लागला. सुमनताईंनी त्याला हाताने खुणेने पायरीवर बसायला सांगितलं. तोही बसला. आणि मग कडी निघाल्याचा आवाज आला. माईंनी आपणच दार उघडलं होतं. "आत ये गो. भायर कित्या बसलंस?" त्यांनी सुमनताईंना नीट निरखलं आणि म्हणाल्या, "सुमन इली नाय अजून."

"येईल," सुमनताई म्हणाल्या. "तोपर्यंत मी बसते."

त्यानंतर सगळं बदललं असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. सुताराने आतली कडी काढून नेली. बाहेरचं कुलूप राहिलंच, सोमवारी सकाळी ते पुन्हा लागलं. ऑफिस चालूच राहिलं, दुपारचं माझं कुलूप काढणं चालू राहिलं, उन्हं कलली की गुरांची आठवण येत राहिली. पण वाराची परीक्षा त्या दिवसापासून बंद झाली. ह्ये खय गेले, असं माईंनी विचारलं की पलीकडून सुमनताईंचा आवाज यायचा, "पाळीला गेलेत. येतील." आणि माई "बरा" म्हणून वाती वळायला बसायच्या. सुमनताई त्यांना गुरांबद्दल विचारायला लागल्या. किती होती, कोणतं दूध देतं, कोणतं मारकं. कपिली नावाची एक गाय होती आणि ती कुंपण मोडून शेजाऱ्याच्या वालीच्या मळ्यात शिरायची, हे आईच्या पोटात इतकी वर्षं होतं आणि आपल्याला माहीत नव्हतं, याचं त्यांना फार नवल वाटलं.

एकदा प्रधानांचा विषय निघाला. सुमनताई म्हणाल्या, "त्या माणसाला पहिल्याच दिवशी कळलं होतं गं. मला कळायला दार बंद व्हावं लागलं."

वाईट दिवसही यायचे. एका सकाळी माईंनी सुमनताईंचे ऑफिसला जायचे सगळे कपडे बादलीत बुडवून ठेवले आणि वर डाळीचं पीठ ओतलं. सुमनताईंचं ओरडणं खालच्या मजल्यापर्यंत गेलं. मग त्या माझ्याकडे आल्या आणि खुर्चीवर बसून राहिल्या. मी म्हटलं, होतं असं, त्या दिवशी दाराबाहेर तुम्ही किती शांत होतात ते आठवा.

"दाराबाहेर सोपं होतं," त्या म्हणाल्या. "रोज आत जावं लागतं."

"मग काय करता?"

"ती जेवते ना, तेवढा वेळ मी दुसरं काही करत नाही. तिच्या ताटाकडे बघते. तेवढंच जमतं. त्याच्या आधी आणि नंतर डोकं आपलं चालूच असतं, पुढच्या वर्षाचं, त्याच्या पुढच्या वर्षाचं." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "पण तेवढा वेळ मिळतो गं. आधी तोही नव्हता." मग उठल्या, कारण पिठात भिजलेल्या साड्या धुवायच्या होत्या.

पुढे माईंचं बोलणं कमी होत गेलं. पाहुण्यांना त्या हात जोडायच्या, मुलगी कोण ते मात्र पूर्ण पुसलं गेलं. कधी त्या सुमनताईंना आपली आई समजायच्या, कधी गावाकडची कोणी मैत्रीण. भाऊ दिवाळीत आला तेव्हा त्याला हे बघवलं नाही. तिने तुला ओळखावं असं तुला वाटत नाही का, असं त्याने विचारलं. सुमनताई म्हणाल्या, वाटतं. एवढंच.

आम्हाला बोरिवलीला मोठी जागा मिळाली आणि आम्ही मुलुंड सोडलं. माई त्यानंतर दोनेक वर्षांनी गेल्या. मला कळलं तेव्हा सुमनताई घर बंद करून भावाकडे बडोद्याला गेलेल्या होत्या. पुढे त्यांचा पत्ता राहिला नाही. त्यामुळे मी त्यांना शेवटचं बघितलं ते आम्ही घर सोडलं त्या सकाळी.

सामानाचा टेम्पो खाली उभा होता. मी निरोप घ्यायला समोर गेले. दार उघडं होतं. गॅलरीत चटईवर माई बसल्या होत्या आणि त्यांच्या पुढ्यात, त्यांच्याकडे पाठ करून, सुमनताई. साडी ऑफिसची, पर्स शेजारी ठेवलेली. माई त्यांची वेणी घालत होत्या. एक घालून झाली होती, जुन्या साडीचा लाल काठ फाडून तिला रिबीन बांधली होती, आणि आता दुसरीचे पेड पडत होते. सुमनताईंचे केस तोवर निम्मे पांढरे झाले होते.

खाली ऑफिसच्या बसचा हॉर्न वाजला. मी थांबले. पुन्हा वाजला, आणि मग बस गेल्याचा आवाज आला.

"सुमनताई, तुमची बस गेली," मी म्हटलं.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. त्यांनी मान वळवली नाही. माईंनी त्यांच्या डोक्यावर हलकेच टपली मारली. "हालू नको गो. शाळेक उशीर होतलो."

"नाही हलत," सुमनताई म्हणाल्या.

त्यांनी डोळे मिटले होते. माईंच्या बोटांतून एक बट सुटली. त्यांनी तो पेड उलगडला आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतला. मी उंबऱ्यातूनच नमस्कार केला. खालून टेम्पोवाला हाका मारत होता.